मिआटाचे बाजूचे दिवे बदलले, आता डावा एक बोलतो आणि उजवा भलतंच

पॉपअप_डोळे (पिट्सबर्ग)

मंडळी, गाडी १९९४ ची माझदा मिआटा, १.८ इंजिन, लाल. गेल्या वर्षी तिसऱ्या मालकाकडून घेतली. परवा हौस आली म्हणून चारही कोपऱ्यांवरचे बाजूचे दिवे (पुढे पिवळे, मागे लाल) एलईडी केले. जुने १९४ नंबरचे काचेचे बल्ब काढले, पांढरे ६००० के (केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) वाले ढकलले. दहा मिनिटांचं काम म्हणून बसलो आणि जेवायला रात्रीचे साडेदहा वाजले.

तक्रार एक, रंग. पुढचा दिवा लिंबू सरबतासारखा फिका दिसतो. मागचा तर पाणी जास्त झालेलं कोकम.

तक्रार दोन, आणि ही खरी डोकेदुखी. पार्किंग लाइट लावले की पुढचा डावा पेटतो, उजवा मेलेला. पार्किंग बंद करून इंडिकेटर दिला की उजवा मस्त लुकलुकतो, डावा ढिम्म. उजव्याचा बल्ब काढून उलटा घातला, तर तो पार्किंगला पेटायला लागला आणि इंडिकेटरला गप्प. बल्ब चारदा बदलून पाहिले. बायको गाडीपुढे उभी राहून "पेटला", "नाही पेटला" सांगत होती, शेवटी "तूच बघ" म्हणून आत गेली.

पुढच्या इंडिकेटरचेही एलईडी मागवलेत, पाकीट आलंय. ते घातले की सुधारेल का?

लेस्टरचा_पाटील

आधी शब्दाचं बघा. शीर्षक वाचून मला वाटलं तुम्ही पुढचे पार्किंगचे बारके दिवे बदलताय. इंग्लंडात साइडलाइट म्हणजे ते, आणि फेंडरवर लुकलुकतो त्याला रिपीटर म्हणतात. तुमच्याकडे त्याला साइड मार्कर म्हणतात ना? पार्ट मागवताना जपा, मी एकदा भलताच दिवा घेऊन बसलोय.

वायरमन_काका (निवृत्त, सध्या मुलाकडे न्यू जर्सीत)

अहो, बल्ब ठीक आहेत. तुमच्या आधीच्या कुणीतरी वायरिंगमध्ये हात घातलाय.

मूळ गाडीत त्या दिव्याला दोन वायरी: एक पार्किंगची, दुसरी काळी, म्हणजे अर्थिंगची (आपण नुसतं अर्थ म्हणतो, करंट परत जायची वाट). बाजूचा दिवा इंडिकेटरबरोबर लुकलुकावा म्हणून हौशी लोक काळी वायर तोडतात आणि ते टोक इंडिकेटरच्या वायरीला जोडतात. मग दिव्याला स्वतःचा अर्थ उरत नाही, तो उसना घेतो. पार्किंग लावलं की करंट पार्किंगकडून येतो आणि इंडिकेटरच्या बल्बच्या आतल्या तारेतून (फिलामेंटमधून) अर्थला जातो. पार्किंग बंद करून इंडिकेटर दिला की तोच करंट उलट्या दिशेने, पार्किंगच्या तारांमधून. दोन्ही चालू असले की दोन्हीकडे बारा व्होल्ट, म्हणून दिवा विझतो. त्यामुळे रात्री तो इंडिकेटरशी आलटूनपालटून लुकलुकतो.

साध्या बल्बला दिशेचं सोयरसुतक नसतं. एलईडी एकाच दिशेने पेटतो. तुमचा डावा एका तोंडाने बसलाय, उजवा दुसऱ्या. ट्रिक ठेवायची असेल तर "नॉन-पोलॅरिटी" असं लिहिलेले घ्या, त्यांच्या पोटात ब्रिज रेक्टिफायर असतो, करंट कुठूनही आला तरी एलईडीला सरळच देतो. नको असेल तर काळी वायर परत अर्थला.

आणि ते इंडिकेटरचं पाकीट फोडू नका! आत्ता उसना अर्थ मिळतोय तो इंडिकेटरच्या ११५७ नंबरच्या बल्बच्या जाड तारेमुळे. तिला दोन अँपिअरच्या वर लागतात, १९४ घेतो जेमतेम पाव अँपिअर, म्हणून तिच्यातून करंट गेला तरी ती पेटत नाही. तिथे एलईडी आला की ती वाटच बंद. वर फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले), बल्ब गेला असं समजून, दुप्पट वेगाने टकटक करील ते वेगळंच.

घाटातला_चक्रम

रंगाचं मी सांगतो, माझं हेच झालेलं. पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर, लाल कमी. लाल काच फक्त लाल सोडते, मग बाकीचा उजेड आतच मरतो. साध्या बल्बच्या उजेडात लाल मुळातच जास्त. पिवळ्या काचेमागे अँबर एलईडी, लाल काचेमागे लाल. संपलं.

क्लिअर काचा लावायचा मोह होईल, दिसतात छान. पण अमेरिकेत पुढे अँबर आणि मागे लाल हा नियम १९६८ पासूनचा आहे, आणि १९७० पासून दिवा आणि रिफ्लेक्टर दोन्ही लागतात. स्वस्तातल्या क्लिअर काचांना बरेचदा रिफ्लेक्टरच नसतो. तुमच्या पेनसिल्व्हेनियात दरवर्षी सेफ्टी इन्स्पेक्शन असतं, नसता ताप.

पॉपअप_डोळे

काका, साष्टांग नमस्कार! आज डावा दिवा उपसला. आत काळी वायर चक्क कापलेली, टोकाला इन्सुलेशन टेपचं बोंडूक, आणि शेजारी इंडिकेटरच्या हिरव्या वायरीला निळी चिमटा-क्लिप चावून बसलेली. क्लिप उघडली तर आतलं तांबं हिरवंगार, इथल्या रस्त्यांवरच्या मिठाची कृपा. एक धागा धरून होता, बस्स. तो कापून डाग दिला, श्रिंक ट्यूब चढवली, सॉकेटमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल आत न येऊ देणारं) भरलं. उजवीकडेही तेच निघालं.

ट्रिक ठेवलीय, आवडली. नॉन-पोलॅरिटी अँबर पुढे, लाल मागे. अंधारात पार्किंग लावून इंडिकेटर दिला: पुढचा पेटतो तेव्हा बाजूचा विझतो, बाजूचा पेटतो तेव्हा पुढचा. बायकोला हाका मारून दाखवलं. म्हणाली, "हे आधी असंच नव्हतं का?"

होतं.

इंडिकेटरचे एलईडी कुणाला हवेत का? पाकीट फोडलेलं नाही. पोस्टेज तुमचं.