हॉलसमोरचं मॅग्नोलिया: शनिवारच्या आत सांगा

सचिव (सध्या गुहागर)

मंडळी, नर्सरीवाला शनिवारपर्यंतच थांबणार आहे. मॅग्नोलियाच्या, म्हणजे चाफ्याच्या जातकुळीतल्या फुलझाडाच्या, तीन जातींची रोपं बाजूला काढून ठेवली आहेत: स्टेलाटातली ‘रॉयल स्टार’, सुलान्जियाना आणि ‘बेटी’. निम्मी कार्यकारिणी मे महिन्यासाठी कोकणात आणि निम्मी तिकडे परदेशात, मंडळाच्या हॉलजवळ, तेव्हा बैठक होणं नाही, इथेच ठरवू. माझं मत स्टेलाटाला. तिकडच्या हिवाळ्यातले उणे पंचवीस अंश ती सहज सोसते. जागा तीच, दाराशेजारची दक्षिणेची भिंत. खड्डा तयारच आहे.

दापोलीहून, मावशी

रोप कुठलंही आणा, पण त्या भिंतीला लावू नका. मागचं तिथेच गेलं आणि मी तेव्हाही सांगत होते.

हिवाळ्यात मॅग्नोलियाला फारसं काही होत नाही, तिचा घात होतो एप्रिलमध्ये. ती भिंत दुपारभर तापते, कळीला वाटतं थंडी सरली, लवेचं टोपरं गळून पडतं आणि मग एका रात्रीत पारा पुन्हा उणे चार. त्या सकाळी मी हॉलवर होते. आदल्या संध्याकाळी अर्धवट उमललेल्या पाकळ्या चहाच्या चोथ्यासारख्या झाल्या होत्या, बोटांना चिकटत होत्या. स्टेलाटा थंडीला पक्की, पण फुलते सगळ्यांच्या आधी, म्हणून हा फटकाही तिलाच.

‘बेटी’ घ्या. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी वृक्षउद्यानात, १९५० च्या दशकात स्टेलाटा आणि लिलीफ्लोरा या दोन मॅग्नोलियांच्या संकरातून आठ जाती काढल्या, सगळ्यांना मुलींची नावं: ॲन, बेटी, जेन, सुझन वगैरे. त्या मुद्दाम उशिरा फुलणाऱ्या म्हणून निवडल्या. आणि झाड पार्किंगच्या पलीकडे, उत्तरेच्या मोकळ्या जागेत लावा. तिथला बर्फ उशिरा वितळतो, आपल्याला तेच हवं आहे.

वेंगुर्ल्याहून, काका

सोनचाफा का नको? तोही मॅग्नोलियाच. पूर्वी मायकेलिया चंपाका म्हणत, आता मॅग्नोलिया चंपाका म्हणतात. आमच्या घराच्या मागल्या दारी आहे. काल भाऊ सांगत होता, “यंदा सोनचाफो लय फुललो.” आईने काचेच्या बाटलीत पाण्यात घालून ठेवलेलं फूल अजून देवघरात आहे, रंग फिका झालाय, आकार जसाच्या तसा. इथून एक कलम घेऊन येतो. मंडळाच्या दारात आपलं झाड पाहिजे.

खजिनदार

काका, तसं कलम आणता येणार नाही. जिवंत रोपाला आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, मातीसकट तर नाहीच नाही. आणि आणलंत तरी सोनचाफ्याला हिमाची सवय नाही. मी पाच वर्षं कुंडीत सांभाळला. हिवाळ्यात घरात खिडकीशी ठेवायचो, हीटरच्या कोरड्या हवेने पानांच्या कडा करपायच्या. रोज पाणी फवारायचो. तिसऱ्या वर्षी एकच फूल आलं, त्या दिवशी मी कामावर उशिरा गेलो. पाचव्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एक रात्र बाहेर राहिला आणि संपला. मला अजून वाईट वाटतं.

रत्नागिरीहून, ग्रंथालय बघणारी

चाफ्यांचा घोळ नको. मुलांना आपण सरसकट ‘चाफा’ शिकवतो, पण देवळासमोरचा चिकाचा देवचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला नाही, तो प्लुमेरिया, मूळचा अमेरिकेकडचा. हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा हेही तिघे वेगवेगळ्या कुळांतले. एक गंमत मात्र आहे. ‘मॅग्नोलिया’ हे नाव १७०३ मध्ये शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने माँपेलिएच्या पिएर मान्योलवरून ठेवलं, आणि देवचाफ्याला प्लुमेरिया हे नाव मिळालं ते त्या प्ल्युमिएवरून. झाडाशेजारच्या पाटीवर हे लिहायला मला आवडेल. पाट्यांचं काम ग्रंथालयाकडेच आहे, ते तसंच राहावं.

वेंगुर्ल्याहून, काका

खजिनदारसाहेब, तुमची हकिगत वाचून सोनचाफ्याचा हट्ट सोडला. पण मग निदान पिवळी तरी आणा. ‘बेटी’ जांभळट गुलाबी. सोनचाफ्याची आठवण द्यायची तर रंग पिवळाच हवा.

मावशी

पिवळी आहे. ‘एलिझाबेथ’, ब्रुकलिनच्या बोटॅनिक गार्डनमध्ये काढलेली. तिचा एक पालक ॲक्युमिनाटा ही मॅग्नोलिया, जी दक्षिण ऑन्टारियोत रानात उगवते आणि कॅनडात आता धोक्यात आलेली आहे. म्हणजे थंडी तिच्या रक्तातच. फुलतेही स्टेलाटानंतर. रंग लोण्याचा, सोनचाफ्याचा केशरी नव्हे, वासही मंद. काकांनी हे धरून चालावं.

सचिव

पण ती तीस फूट उंच होते. पार्किंगच्या कडेला वरून विजेच्या तारा जातात. दर दोन वर्षांनी शेंडा छाटायचा का? म्हणून मी दक्षिणेची जागा म्हणत होतो, तिथे तारा नाहीत.

खजिनदार

तारा फक्त फाटकापर्यंत आहेत. मी फोटो बघितला. कचऱ्याच्या डब्यांच्या मागे तीसेक फुटांवर तार नाही.

मावशी

मग डब्यांमागेच. हॉलची सावली तिथवर येत नाही, ऊन मिळेल, भिंतीची धग लागणार नाही. नर्सरीवाल्याला विचारा ‘एलिझाबेथ’ आहे का. नसेल तर ‘बेटी’, आणि काकांनी तेव्हा बोलायचं नाही.

खोल पुरू नका. मुळं मांसल असतात, फावडं लागलं की तुटतात आणि मग वर्षभर झाड रुसतं. कुंडीतल्या मातीची पातळी जमिनीच्या पातळीला आली पाहिजे. भोवती आळं करा, वर पालापाचोळा घाला, पण बुंध्याला चिकटवू नका. इथे आम्ही मृगाच्या आधी खड्डे करून पावसाची वाट बघतो. तिकडे पावसाचा भरवसा नाही, पहिला उन्हाळा आठवड्याला दोन बादल्या घालायला माणूस ठरवा. छाटायची वेळ आली तर फुलं गळल्यावर लगेच, नंतर नको. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात.

सचिव

नर्सरीवाल्याशी बोललो. ‘एलिझाबेथ’ आहे, साडेचार फुटांची, तीही शनिवारपर्यंतच. दक्षिणेचा खड्डा बुजवायला दोघं लागतील. फावडी आणि घमेली मागच्या खोलीत आहेत. किल्ली कोणाकडे?

खजिनदार

किल्ली माझ्याकडेच राहिली, आणि मी जूनपर्यंत देवगडला. शेजारच्या वहिनींकडे दुसरी आहे, त्यांना आज रात्री फोन करतो.