चर्चं ओस पडली, मग नीतीचं काय झालं? तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ता, आइंडहोवन (नेदरलँड्स)

नेदरलँड्समध्ये २०१७ साली पहिल्यांदाच निम्म्याहून जास्त लोकांनी आपण कुठल्याही धर्माचे नाही असं सांगितलं. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले, दहा वर्षांपूर्वी ते ५९.३ टक्के होते. आयर्लंडसारख्या कॅथलिक देशातही २०१६ ते २०२२ या काळात कॅथलिकांचं प्रमाण ७९ वरून ६९ टक्क्यांवर आलं. आपल्यापैकी कितीतरी जण या देशांत राहतात. धर्म सुटला की समाज बिघडतो असं इथले वयस्कर लोक म्हणतात, आणि आपल्या घरीही तेच बोललं जातं. मला इथे वाद नको, अनुभव हवेत. शेजारी, सहकारी, रुग्ण, विद्यार्थी यांच्यात तुम्ही स्वतः काय पाहिलंत?

सुरुवात मीच करतो. आमचा भाग कॅथलिक. शेजारच्या आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी कॅथलिक घरात पाव यायचा तो कॅथलिक बेकरीतून. शाळा, दवाखाना, वर्तमानपत्र, रेडिओ, फुटबॉलचा क्लब, सगळं कॅथलिकांचं वेगळं आणि प्रॉटेस्टंटांचं वेगळं. पाळणा जरा लांबला की पाद्री घरी येऊन पुढचं मूल कधी म्हणून विचारायचे. त्यांच्या आईला आठ मुलं झाली. हे सगळं गेलं याचं आजींना जराही दुःख नाही. दुःख एकाच गोष्टीचं आहे. आजारी माणसाकडे कुणी कधी जायचं याची यादी चर्चमध्ये लागायची, ती आता कुठेच लागत नाही.

आता दुसरी बाजू. इथे दयामरणाचा कायदा २००२ पासून आहे आणि भारतातले नातेवाईक त्याचाच दाखला देऊन 'यांना नीती राहिली नाही' म्हणतात. माझ्या एका सहकाऱ्याच्या वडिलांनी कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात तो मार्ग घेतला. घरच्या डॉक्टरनं होकार देऊन चालत नाही, दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरनं येऊन रुग्णाशी बोलावं लागतं आणि मृत्यूनंतर एक समिती पूर्ण प्रकरण तपासते. त्या घरात कित्येक आठवडे चर्चा चालली होती. धाकटी मुलगी विरोधात होती, तिला कुणी गप्प केलं नाही. चर्चमध्ये कधीही न गेलेली ही माणसं बरंवाईट ठरवताना जितकी झिजली, तितकी मी क्वचितच कुणाला पाहिली आहेत.

माझं मत मांडून ठेवतो. माणसं खोटारडी किंवा क्रूर झालेली मला दिसली नाहीत. एकमेकांची चौकशी करायची जी ठरलेली रीत होती, ती मात्र मोडली.

गॉलवे, आयर्लंड (नर्स)

मी मूळची बेळगावची. त्यामुळे सविता हलप्पनवार हे नाव माझ्यासाठी फक्त बातमीतलं नाही. तीही आमच्या गावची. दातांची डॉक्टर, वय ३१, सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असूनही ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला, आणि २८ ऑक्टोबर २०१२ ला जंतुसंसर्गानं ती इथल्याच रुग्णालयात वारली. 'हा कॅथलिक देश आहे' हे वाक्य तिला ऐकवलं गेलं होतं, चौकशीत ते कबूलही झालं. २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी ती बंदी उठवली. त्या दिवशी डब्लिनमध्ये भिंतीवर रंगवलेल्या तिच्या चित्राभोवती लोक चिठ्ठ्या चिकटवत होते, आणि कितीतरी चिठ्ठ्यांवर फक्त माफी मागितली होती. परक्या देशातल्या, परक्या धर्माच्या बाईची इतक्या माणसांनी मागितलेली ती माफी मला नीतीच वाटते. कुणी काही म्हणो.

आमच्या जिल्ह्यातल्या टुआम गावात नन चालवत असत ते कुमारी मातांचं वसतिगृह होतं, १९२५ ते १९६१. तिथे दगावलेल्या ७९६ मुलांच्या मृत्यूच्या नोंदी कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी एकटीनं शोधून काढल्या. त्या मुलांच्या दफनाच्या नोंदीच नव्हत्या. चर्चचा दबदबा होता त्या काळातलीच ही गोष्ट आहे, त्यामुळे 'तेव्हा नीती होती' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की ती कुणासाठी होती.

तरी माझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायकांकडे पाहिलं की पोटात तुटतं. संध्याकाळी सहाला टीव्हीवर अँजेलसची घंटा वाजते तेव्हा एक आजी जपमाळ हातात घेते. बोटं वाकडी झाली आहेत, मणी सरकत नाही, म्हणून मी तिचं बोट धरून पुढच्या मण्यावर ठेवते. नातवंडांचा बाप्तिस्मा झाला नाही, ती देवाला कशी भेटणार, ही काळजी तिला झोपू देत नाही. या बाईनं कुणावर अन्याय केला नव्हता. चर्चच्या पापाचा हिशोब तिच्या श्रद्धेकडून वसूल होतोय असं वाटतं.

कोलोन, जर्मनी (मूळ वसई)

धाग्यावर ख्रिस्ती माणूस बहुतेक मी एकटाच दिसतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही वसईचे कॅथलिक. रविवारची मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना चुकवायची नाही, मे महिन्यात घरोघरी रोजरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, गावात कुणी गेलं की सगळा धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चची सगळी माणसं) दारात. इथे आल्यावर पत्ता नोंदवायच्या अर्जात धर्माचा रकाना होता. मी 'रोमन कॅथलिक' लिहिलं आणि पगारातून चर्चचा कर कापला जायला लागला. आमच्या राज्यात तो आयकराच्या ९ टक्के असतो. कर नको असेल तर कोर्टात जाऊन ३० युरो भरायचे आणि चर्च सोडल्याची सही करायची. २०२२ या एका वर्षात जर्मनीत पाच लाखांहून जास्त कॅथलिकांनी ती सही केली.

आधी मला वाटायचं की हे पैसे वाचवण्यासाठी चाललंय. मग माझ्या टीममधल्या एका बाईशी बोललो. लहानपणी ती चर्चच्या कॉयरमध्ये गायची. २०१८ साली मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल बिशपांनीच करवून घेतलेला अहवाल आला: १,६७० धर्मगुरू आणि धर्मसेवक, ३,६७७ बळी, बहुतेक मुलगे. ती म्हणाली की अत्याचार करणारे सगळीकडे असतात, पण यांना एका गावातून दुसऱ्या गावात बदली देऊन झाकलं गेलं, ते मला सहन झालं नाही. वाचलेले पैसे ती आता मुलांच्या हेल्पलाइनला देते. तिनं चर्च सोडलं ते येशूनं शिकवलेल्या गोष्टीसाठीच, असं मला वाटतं. हे मी वसईच्या आमच्या फादरना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी अजून सही केलेली नाही, करणारही नाही. इथल्या मिस्सेला पांढऱ्या केसांची माणसं, वेदीवर केरळचे फादर. पण कॅरिटास आणि डियाकोनी या चर्चच्या संस्था अजूनही जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या नोकरी देणाऱ्यांमध्ये आहेत. वृद्धाश्रम, बालवाड्या, व्यसनमुक्ती केंद्रं त्यांची. बराचसा खर्च सरकार आणि विमा भागवतो हे खरं, पण रात्री मरणाऱ्या माणसाजवळ बसायला जे स्वयंसेवक येतात ते आमच्या पॅरिशचेच असतात, आणि दरवर्षी ते कमी होताहेत. मला त्याची भीती वाटते.

लाइपझिग, जर्मनी (संशोधक विद्यार्थिनी)

कोलोनच्या दादांना पूरक. आमच्याकडे पूर्व जर्मनीत आजीआजोबांपासूनच कुणी चर्चचं नाही. माझ्या लॅबमध्ये बाप्तिस्मा झालेला एकही जण नाही. चौदाव्या वर्षी मुलांचा मोठं होण्याचा समारंभ होतो, पण तो धर्माशिवायचा. सायकल चोरीला जाते ती जगात सगळीकडे जाते, बाकी ही माणसं शब्दाला पक्की आहेत. एक गोष्ट मात्र सगळे अभिमानानं सांगतात. ९ ऑक्टोबर १९८९ ला निकोलाय चर्चमधल्या सोमवारच्या प्रार्थनेनंतर सत्तर हजार लोक तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि कुणी दगड उचलला नाही. त्यात अर्धेअधिक देव न मानणारे असणार. जमायला ती एकच जागा उरली होती.

लेस्टर, इंग्लंड

आमच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं जैन मंदिर पूर्वी चर्च होतं. आत कोरीव खांब आहेत, बाहेर पांढरा संगमरवर. गोऱ्या शेजाऱ्यांना त्याचा राग असेल असं मला वाटलं होतं, पण एक आजोबा म्हणाले, गोदाम किंवा पब झाला असता त्यापेक्षा कुणीतरी आत प्रार्थना करतंय हे बरं. आमच्या भागातली फूड बँकही चर्चच्या हॉलमध्येच चालते. रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात, डबे भरणारे मात्र तेच सात-आठ निवृत्त लोक.

आरहूस, डेन्मार्क

इथे चर्चचे सभासद पुष्कळ, रविवारी चर्चमध्ये जाणारे अगदी थोडे. खेड्यातल्या रस्त्यावर बटाटे आणि मध ठेवलेले असतात, राखणीला कुणी नसतं, शेजारी पैशांचा डबा. लोक पैसे टाकतात. कॅफेबाहेर बाबागाडीत बाळ झोपलेलं असतं आणि आई आत कॉफी पीत असते. माझ्या आईनं हे पाहिलं आणि पुण्याला फोन करून सगळ्यांना सांगितलं.

ओहायो, अमेरिका

मी नव्वदीच्या दशकात एमएस करायला आलो. विमानतळावर घ्यायला आलं ते एका मेथडिस्ट चर्चमधलं जोडपं. गादी, भांडी, हिवाळ्याचा कोट त्यांनी दिला, थँक्सगिव्हिंगला घरी बोलावलं. धर्म बदला असं एकदाही म्हणाले नाहीत. आमच्या मराठी मंडळाचे पहिले गणपतीही त्यांच्याच तळघराच्या हॉलमध्ये बसले, भाडं न घेता. गॅलपच्या २०२० च्या पाहणीत अमेरिकेत कुठल्याही प्रार्थनास्थळाचे सभासद असलेले ४७ टक्के निघाले, पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली. आमच्या गावातलं ते चर्चही दुसऱ्यात विलीन झालं. त्या जोडप्याची मुलं चर्च का सोडून गेली हे मला ठाऊक आहे. प्रवचनात राजकीय पक्ष ऐकू यायला लागला. हीच मुलं आज बेघरांच्या निवाऱ्यात काम करतात, तेव्हा संस्कार वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण नव्यानं आलेल्या विद्यार्थ्याला गादी कोण देतं? व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो जुनी विकत घेतो.

लिमरिक, आयर्लंड (शिक्षिका)

गॉलवेच्या ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. इथल्या दहापैकी जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा अजून कॅथलिक व्यवस्थापनाखाली आहेत. बाप्तिस्मा असेल तर प्रवेशात आधी नंबर, ही रीत २०१८ मध्ये बंद झाली. दुसरीच्या वर्गात फर्स्ट कम्युनियनची, म्हणजे मुलांनी चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीची, तयारी चालते तेव्हा माझा मुलगा आणि दोन पोलिश मुलं मागे बसून चित्रं काढतात. गंमत अशी की वर्गातल्या बहुतेक मुलांचे आईबाप मिस्सेला जात नाहीत, तरी पांढरा झगा आणि जेवणावळ सगळ्यांना हवी असते.

धागाकर्त्यांनी आजाऱ्यांच्या यादीचं लिहिलंय, त्याबद्दल आमच्या गावचं सांगते. इथे ते काम आता जीएए म्हणजे हर्लिंग आणि फुटबॉलच्या क्लबकडे सरकतंय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्लबचे खेळाडू घरोघरी किराणा आणि औषधं पोचवत होते, आणि आमच्याकडे ते नंतरही थांबलं नाही. मंगळवारचं वयस्करांचं जेवण पूर्वी पॅरिश हॉलमध्ये असायचं, ते क्लबच्या खोलीत हलवलं. आम्ही तीन भारतीय घरं आळीपाळीनं वरण-भात नेतो. प्रार्थना कुणी सांगत नाही, ज्याला म्हणायची तो मनात म्हणतो. पण कोण आलं नाही याची खूण वहीत होते, आणि न आलेल्याच्या घरी त्याच दुपारी कुणीतरी जातं. ती वही सध्या माझ्याकडे आहे. लिमरिकच्या आसपास कुणी राहत असाल तर कळवा, गाडी चालवणारी माणसं कमी पडताहेत.