पॅलॅडियमची नळी: तडा जातो तो थंड होताना

हायड्रोजन शुद्ध करणाऱ्या पॅलॅडियमच्या नळीला (तिच्या भिंतीतून फक्त हायड्रोजन पार होतो) तडा गेला की दोष दाबाच्या धक्क्याला दिला जातो, ते मला पटत नाही. शुद्ध पॅलॅडियमची नळी बहुतेक वेळा प्लांट बंद करताना जाते. साधारण 300 अंश सेल्सिअसच्या खाली आत हायड्रोजन उरला असेल, तर अल्फाच्या (कमी हायड्रोजन मुरलेल्या पॅलॅडियमच्या) जोडीला बीटा हायड्राइड (जास्त हायड्रोजन मुरलेलं रूप) तयार होतं, आणि त्याचं आकारमान जवळपास 10 टक्क्यांनी जास्त असतं. पातळ भिंतीत दोन्ही शेजारी आले की आधी सुरकुत्या, मग काही फेऱ्यांत तडा. म्हणून तापवताना नायट्रोजन किंवा आर्गॉन. 350 च्या वर गेल्यावरच हायड्रोजन. थांबवताना उलटं: नळी गरम असतानाच दोन्ही बाजू आर्गॉनने धुवायच्या, मग हीटर बंद. शुद्ध वायूची (बाहेरची) बाजू हमखास विसरली जाते, आणि हायड्रोजन तर तिथेच भरलेला! वीज गेली की आपोआप उघडणारा पर्ज व्हॉल्व्ह (आर्गॉन सोडून नळी धुणारी झडप) हवाच. 23 टक्के चांदीच्या मिश्रधातूत हा त्रास बराच कमी होतो, तरी क्रम हाच ठेवावा.

आणि दाब दुप्पट केला की पार होणारा वायूही दुप्पट होतो, हा समजही खरा नाही. जाड पडद्यात (म्हणजे नळीची भिंत अगदीच पातळ नसेल तर) प्रवाह दोन्ही बाजूंच्या हायड्रोजनच्या आंशिक दाबांच्या (मिश्रणात एकट्या हायड्रोजनच्या वाट्याचा दाब) वर्गमुळांतल्या फरकावर ठरतो. बाहेर 1 बार असताना आतला दाब 9 वरून 16 बार केला, तर फरक 2 चा 3 होतो, म्हणजे दीडपटच. मिश्रणात निम्माच हायड्रोजन असेल तर 8 बारचे हिशेबाला 4 धरायचे.