अमेरिकेत दोन आठवडे पायी चालायचं आहे. पायांचं सांगा, आणि एका शर्टाचंही

पायवाट
११ मार्च २०१९, रात्री ९.४०

राम राम मंडळी, जय येशू.

इथे वारीला जाणारे बरेच आहेत म्हणून विचारतो. मी कॅथलिक धर्मगुरू आहे. गाव परतवाड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. बाबा संत्र्याच्या बगिच्यात राखणदार होते. सहा वर्षांपासून मी अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या एका गव्हाच्या गावात असतो. तिकडे फादर कमी पडतात, मग आमच्यासारख्यांना इकडून धाडतात. उपवासकाळात खरं तर रजा मिळत नाही, पण मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून बिशपांनी तीन आठवडे सोडलं. हे लिहितोय तेही तिच्या खाटेजवळ बसून. पंखा बंद कर म्हणते, डोळ्यात वारा जातो.

तर विषय. तिकडे उन्हाळ्यात ‘क्रॉसरोड्स’ नावाची पदयात्रा निघते, गर्भपाताच्या विरोधात. १९९३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल डेन्व्हरला युवकांच्या जागतिक मेळाव्याला आले होते. रस्त्यावर, चारचौघांत जायला भिऊ नका, असं ते पोरांना म्हणाले. ओहायोतल्या स्टूबेनव्हिलच्या फ्रान्सिस्कन विद्यापीठातल्या पोरांनी ते मनावर घेतलं आणि १९९५ पासून चालायला लागले. पॅसिफिकच्या काठावरून मे महिन्यात निघायचं, ऑगस्टात वॉशिंग्टनला पोचायचं. तीन हजार मैल. आपल्या हिशेबाने परतवाड्याहून पंढरपूरला चारदा जाऊन चारदा पायीच परत या, साधारण एवढं. सोबत एक मोठी गाडी असते. आळीपाळीने चालतात, दिवसाची टोळी वेगळी, रात्रीची वेगळी. शनिवार-रविवारी चर्चमध्ये बोलतात, गर्भपाताच्या दवाखान्यांसमोर उभं राहून माळ जपतात. १९७३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तिथे गर्भपाताचा हक्क मिळाला, तेव्हापासून हा तिथला मोठा भांडणाचा विषय. निवडणुका त्यावर लढतात.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचे आठ जण आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दोन रात्री मुक्कामी होते. त्यातल्या एका पोरीच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडलेली. मी मिठाचं गरम पाणी करून दिलं, ती घमेल्यात पाय टाकून बसली आणि म्हणाली, फादर, पुढच्या वर्षी तुम्ही या. मी हो म्हटलं. घमेल्यासमोर उकिडवं बसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. आता जूनमध्ये दोन आठवडे जायचंय.

वय ४७. शुगरची गोळी चालू आहे. वेदीपासून दारापर्यंत आणि दारापासून गाडीपर्यंत, एवढंच चालणं. म्हणून पहिला प्रश्न: बूट, मोजे, फोड, ऊन, खाणं. जे माहीत असेल ते सांगा.

दुसरा प्रश्न शर्टाचा. यात्रेत सगळ्यांना एकसारखा टी-शर्ट घालावा लागतो, छातीवर हाताएवढ्या अक्षरात ‘प्रो-लाइफ’. इंग्रजी अक्षरं, लांबून वाचता येतात, त्यासाठीच ती तेवढी मोठी. ती पोरं मला एक देऊन गेली, तो मी बॅगेत टाकून आणला. काल बहिणीने तो धुवून अंगणात तारेवर टाकला. काल संध्याकाळीच निवडणुकीच्या तारखा आल्या. आज सकाळी शेजारचे काका कुंपणावरून म्हणतात, “फादर, आचारसंहिता लागली ना बाप्पा, कोणत्या पार्टीचे बनेन वाटून राह्यले?” मी हसलो. बहिणीने रंग उडू नये म्हणून शर्ट उलटा करून टाकला होता, तरी अक्षरं आरपार दिसत होती.

पण काकांना मग त्याचा अर्थ सांगायला गेलो आणि मराठीत सांगताच येईना. तिकडे दोन शब्दांत सगळं कळतं, कोण कोणत्या बाजूचा ते. इथे मी ‘गर्भपाताच्या विरोधात’ म्हटलं तर काका म्हणाले, “म्हंजे ते सोनोग्राफीवालं? पोरी पाडते ते? ते त बंदच पायजे.” तेही बरोबर, पण मी तेवढंच म्हणत नव्हतो. तुम्ही माझ्या जागी असता तर शर्ट घातला असता का?

टाळकरी
११ मार्च, रात्री १०.५५

राम कृष्ण हरी फादर. म्या कौंडण्यपूरच्या पालखीसंगं नऊ वाऱ्या केल्या. रुक्मिणीचं माहेर आमचं, तिवसा तालुका. महिन्याच्या वर चाला लागते. तुमचं दोन हप्त्याचं काम हाय, घाबरू नका. पन पयल्या तीन दिवसांत जो मार बसते तोच. चवथ्या दिवशी पाय आपला ऐकाले लागते.

बूट घ्याचे असन त आजच घ्या आन् अर्धा-एक नंबर मोठे घ्या. चालून पाय सुजते, मंग संध्याकाळी बूट चावते. त्या पोरीचे नखं काळे पडले ते याच्याच्यानं. बूट घरी महिनाभर घालून फिरा, स्वयंपाक करतानी बी घाला. दोन मोजे, आतला पातळ. वला झाला की बदला, मागं रायले त रायले. मांडीले व्हॅसलिन लावा. हे कोनी सांगत नाई, पन आमच्यातले अर्धे लोकं ट्रकात बसते ते पायानं नाई, मांड्या घासल्यानं.

फोड आला त सुईत दोरा ववून आरपार काढा, दोरा तसाच राहू द्या, पानी झिरपून जाते. पहाटे तीन-चारले निघा. दहा वाजले की सावली धरा. कॅन्ससचं ऊन मले ठाव नाई, पन ऊन ऊनच रायते.

शर्टाचं मले नाई समजत. आमच्या दिंडीत पताका रायते, तिच्यावर काईच लिवलं नसते.

कट्ट्यावरचा
१२ मार्च, सकाळी ८.१०

अमेरिकेतला मोर्चा तो मोर्चा, त्याला वारीशी जोडू नका. वारीत कोणी कोणाच्या विरोधात चालत नाही. दवाखान्यासमोर उभं राहून पेशंटला लाज वाटेल असं करणं ही कसली भक्ती? चालायचं तर विनोबांसारखं चाला. १९५१ मध्ये पवनारहून हैदराबादकडे पायी निघाले, पोचमपल्लीला जमीन मागितली, आणि पुढे तेरा वर्षं चालले. हात जोडून मागत होते, कोणाला पापी म्हणत नव्हते.

टाळकरी
१२ मार्च, सकाळी ८.३२

भाऊ, त्यायनं पायाचं इचारलं. पयले पायाचं सांगा, मंग भांडा.

नर्सबाई
१२ मार्च, दुपारी २.२०

बुलडाणा जिल्ह्यात उपकेंद्रावर एएनएम आहे, बावीस वर्षं. आधी पायाचं, कारण टाळकरी भाऊंचा एक सल्ला फादरनी अजिबात ऐकू नये.

सुई-दोरा शुगरवाल्याने करायचा नाही. दोऱ्यातून घाण आत जाते, आणि शुगरच्या पायाला जखम झालेली कळत नाही, कळते तेव्हा उशीर झालेला असतो. फोड फोडू नका. स्वच्छ धुवा, वर गॉज लावा, फुटला तर ड्रेसिंग रोज. संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघा, बोटांच्या सांध्यातही. त्या पोरीसारखं गरम पाण्यात पाय घालू नका, तुम्हाला चटका कळणार नाही. अनवाणी एक पाऊल नाही, नवस असला तरी नाही. दिवसभर चाललं की शुगर खाली येते, त्यामुळे गोळीचं जाण्याआधी डॉक्टरांशी बोला. खिशात साखरेच्या पुड्या. हातपाय थरथरले, घाम फुटला की आधी साखर तोंडात, मग रोझरी.

आता शर्ट.

फादर, तुमच्या शेजारच्या काकांनी जे ऐकलं तेच इथे सगळे ऐकतात. बरोबरच आहे त्यांचं. महाराष्ट्राने १९८८ मध्येच गर्भलिंग तपासणीवर कायदा केला, देशाचा १९९४ मध्ये आला. तरी आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे २००१ च्या जनगणनेत ९०८ मुली होत्या, २०११ मध्ये ८५५ झाल्या. प्रत्येक सोनोग्राफीच्या भिंतीवर बोर्ड आहे. मी तो बोर्ड आणि ते आकडे दोन्ही बघत नोकरी केली.

पण मी दुसरीही बाजू बघितली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, गाव सांगत नाही. दोन पोरी पदरात, तिसऱ्यांदा दिवस गेलेले, नवरा सोयाबीनच्या कर्जात. तिला मूल नकोच होतं, मुलगा की मुलगी हा प्रश्नच नव्हता. १९७१ च्या कायद्याने सरकारी दवाखान्यात नोंदणीकृत डॉक्टरकडे करून घेता आलं असतं, वीस आठवड्यांपर्यंत. पण तिथे गावचीच माणसं कामाला. कोणी बघेल, कोणी विचारेल. नवऱ्याने मेडिकलवरून गोळ्या आणल्या, चिठ्ठीशिवाय. किती दिवस झालेत ते कोणी मोजलंच नव्हतं. माझ्याकडे आणली तेव्हा ती जीपच्या मागच्या सीटवर आडवी होती आणि सीटचा फोम लाल झालेला. सासू मला म्हणते, “सिस्टर, काही नाही, पिशवी साफ होऊन राहिली.” वाचली. हिमोग्लोबिन चार होतं. तिला दवाखान्याच्या दारात मोठ्या अक्षराचा शर्ट घातलेला माणूस दिसला असता, भले तो तोंडाने एक शब्द बोलला नसता, तरी ती आत गेली नसती. जीपमध्येच राहिली असती.

मी तुमच्या विरोधात नाही. रस्त्याने चालताना घाला हवा तर. दाराशी उभं राहताना काढा.

मोर्शीकर
१२ मार्च, दुपारी ४.०५

फादर, गावाकडे आहात तर वझ्झरला जाऊन या, तुमच्यापासून लांब नाही. शंकरबाबा पापळकरांकडे उकिरड्यावर, स्टेशनवर टाकून दिलेली, आंधळी, मतिमंद पोरं आहेत. बाबा त्यांच्या कागदावर बाप म्हणून स्वतःचं नाव लावतात. टेकडीवर त्या पोरांनीच झाडं लावली आहेत. तिकडच्या टोळीला सांगायला काहीतरी होईल.

पायवाट
१३ मार्च, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार. सुई-दोरा रद्द.

वझ्झरला जाऊन आलोय. मोर्शीकर, खरं आहे, पण शंकरबाबांचं नाव मी माझ्या शर्टाला चिकटवलं तर ते त्यांना आवडेल का, माहीत नाही. म्हणून राहू देतो.

कट्ट्यावरचे दादा, विनोबांचं बरोबर. पण मी कोणाला पापी म्हणायला जात नाही, आणि माझं मतही बदललेलं नाही. पोटातलं पोर हे माणूसच, हे मी मानतो. ते लपवून इथे गोड बोलणार नाही.

नर्सबाई, तुमचं लिहिलेलं मी मायला वाचून दाखवलं, जीपचं सोडून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला विचारलं, तुले दलियाचे पोते आठवते का.

आठवतात. मी नऊ वर्षांचा होतो, १९८१ साल. माझ्यानंतर दोन बहिणी, आणि मायला परत दिवस गेलेले. दोन्हीकडच्या बाया तिला म्हणत होत्या, जाय, सफाई करून घे, राखणदाराच्या घरी किती तोंडं. एक दिवस माय मला घेऊन सिस्टरांच्या दवाखान्यात गेली, चालत, बगिच्यांच्या मधल्या पांदणीने. सात-आठ किलोमीटर असेल. मला वाटायचं, तिथे सिस्टरांनी तिला देवाधर्माचं काही सांगितलं असणार आणि म्हणून ती परत फिरली. आज विचारलं. ती म्हणते, “सिस्टरनं काई नाई सांगतलं. माह्यं नाव वहीत लिवलं आन् म्हने, दर शनिवारी ये.” दर शनिवारी दलिया आणि तेल मिळायचं. पोत्यावर अमेरिकेचं नाव छापलेलं असायचं, ते रिकामं पोतं आम्ही अंथरायला वापरायचो. बाळंतपणानंतरही वर्षभर तिचं नाव त्या वहीत होतं.

तारेवर शर्ट उलटा टाकणारी बहीण ती हीच. आतून ओरडते आहे की माझं नाव लिहू नको, म्हणून नाही लिहीत.

तर शर्टाचं असं. रस्त्याने घालीन, तो यात्रेचा नियम आहे आणि मी हो म्हटलं आहे. शनिवारी दवाखान्यासमोर मी साधा काळा शर्ट आणि कॉलर घालून येईन, आणि दाराच्या अलीकडे नाही, रस्त्याच्या पलीकडे उभा राहीन, असं आज टोळीप्रमुखाला कळवलं. पोरगा बावीस वर्षांचा आहे. त्याने ‘फादर, यावर बोलू या’ एवढंच लिहिलंय. आमच्या पॅरिशमध्ये बायकांची नावं लिहायची अशी एखादी वही आहे का, तेही मला माहीत नाही. सहा वर्षांत कधी विचारलं नाही. परत गेलो की पहिलं ते विचारतो.

नर्सबाई
१३ मार्च, रात्री १०.४०

कॉलरही लांबून दिसते हो फादर. पण रस्त्यापलीकडे ठीक.

आईंच्या डोळ्यात ड्रॉप वेळेवर घाला. आणि पंखा बंदच राहू द्या.

टाळकरी
१४ मार्च, सकाळी ६.०२

सुई-दोऱ्याचं बाईचं खरं. मले शुगर नाई म्हनून चालून गेलं इतके वर्स.

बूट घेतले का?

पायवाट
१४ मार्च, सकाळी ७.३०

काल अमरावतीहून आणले. माझा नंबर आठ, नऊचे घेतले. माय म्हणते कपाशीच्या तासात चालल्यासारखा चालतोस.