चॉसरकडून पुढच्या इंग्रजी कवींनी नेमकं काय घेतलं?

शब्दवेध: चौदाव्या शतकातल्या चॉसरला ‘इंग्रजी कवितेचा जनक’ म्हणतात, पण बरीच पाठ्यपुस्तकं तेवढ्यावरच थांबतात. बोट ठेवून दाखवता येईल असं त्याचं काय टिकलं? शिवाय ‘कँटरबरी टेल्स’ हा त्याचा यात्रेकरूंच्या गोष्टींचा काव्यसंग्रह मुळातून वाचताना लय सारखी तुटते. असं का होतं?

पाचवा ठेका: सगळ्यात ठोस वारसा छंदाचा. दहा अक्षरं आणि पाच आघातांची ओळ इंग्रजीत रुळवली ती त्याने. तिची यमकबद्ध जोडओळ पुढे ड्रायडन आणि अलेक्झांडर पोप या कवींचं मुख्य हत्यार झाली. त्याच्या ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ या दीर्घकाव्यातलं सात ओळींचं कडवं शेक्सपिअरने 1594 साली ‘द रेप ऑफ लुक्रीस’साठी जसंच्या तसं घेतलं.

लय तुटते ती शब्दाच्या शेवटच्या ‘ई’मुळे. हे अक्षर त्याच्या काळी हलक्या ‘अ’सारखं उच्चारलं जाई. ‘टेल्स’च्या प्रस्तावनेतली पक्ष्यांची ओळ घ्या. आजच्या इंग्रजीत ‘अँड स्मॉल फाउल्स मेक मेलडी’ अशी सातच अक्षरं भरतात. मुळात ती ‘अंड स्मा-ल फू-लेस मा-केन मे-लो-डी-अ’ अशी आहे: दहा अक्षरं आणि शेवटी एक हलकं. पण पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर हा ‘अ’ गिळायचा, नाहीतर ओळ लांबते. चॉसर 1400 साली वारला आणि पंधराव्या शतकात हा ‘अ’ बोलण्यातून गेलाच. म्हणून तर 1700 मध्ये ड्रायडनसारख्या जाणकारालाही त्याच्या ओळी लंगड्या वाटल्या. संपादक टिरविटच्या 1775 पासून निघालेल्या आवृत्तीने अक्षरांचा हा हिशोब सरळ केला.

पानोपानी: छंद महत्त्वाचा आहेच, पण माझ्या मते पात्रं त्याहून मोठी. ‘टेल्स’मधल्या यात्रेकरूंपैकी एक, वाइफ ऑफ बाथ, हिला थोडं कमी ऐकू येतं, हे प्रस्तावनेत जाता जाता येतं. कारण बऱ्याच पुढे तिच्याच तोंडून कळतं: बायकांची निंदा करणाऱ्या नवऱ्याच्या पुस्तकाची पानं तिने फाडली आणि त्याने कानशिलावर हाणली. बारीकसा तपशील आधी पेरायचा आणि अख्खं आयुष्य मागाहून उलगडायचं, ही तर कादंबरीची रीत! याच बाईला लेखिका झेडी स्मिथने 2021 मध्ये ‘द वाइफ ऑफ विल्सडेन’ या नाटकात आजच्या लंडनमध्ये आणलं.

जुनी प्रत: ‘जनक’ हे बिरुद मात्र जपून वापरावं. त्याच काळात लँगलंड हा कवी अनुप्रासावर चालणारी तितकीच ताकदीची कविता लिहीत होता. चॉसरला ‘पिता’ केलं ते हॉक्लीव्हसारख्या पुढच्या पिढीच्या कवींनी. नशिबाची साथही होती: तो लिहीत होता ती लंडनची बोली आणि पुढे प्रमाण इंग्रजी घडली तीही मुख्यतः तिथेच. मग मुद्रक कॅक्स्टनने ‘टेल्स’ छापल्या. पाठ सदोष असल्याची तक्रार एका वाचकाने केली आणि वडिलांची हस्तलिखित प्रत मिळवून दिली, तेव्हा 1483 च्या सुमारास त्याने सुधारून पुन्हा छापल्या.

शब्दवेध: सुरुवातीला कोणती प्रत घ्यावी?

पाचवा ठेका: मूळ पाठ आणि भरपूर टिपा हव्या असतील तर जिल मान यांची पेंग्विन आवृत्ती. नेव्हिल कॉगहिलचं आधुनिक रूपांतर गोष्टीसाठी छान आहे, पण चॉसरचा छंद त्यावरून तपासू नका. ‘जनरल प्रोलॉग’च्या, म्हणजे प्रस्तावनेच्या, पहिल्या 18 ओळी मोठ्याने, आघात मोजत वाचा. ते सगळं एकच वाक्य आहे, त्यामुळे क्रियापदाची वाट बघत श्वास पुरवायला लागतो.