गर्भपातासाठी नवऱ्याची सही खरोखर लागते का?

चेंबूरकर
आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई मानखुर्दला राहतात. त्यांना दोन मुले आहेत आणि आता पुन्हा दिवस गेले आहेत. सोनोग्राफीच्या कागदावर १० आठवडे लिहिले आहे. मूल ठेवायचे नाही, हे त्यांचे पक्के आहे. नवरा कामासाठी बाहेरगावी असतो आणि महिनोन्‌महिने फिरकत नाही. एका सरकारी रुग्णालयात त्या गेल्या, तेव्हा ‘नवऱ्याची सही आणा, आणि नंतर मूल बंद करण्याचे ऑपरेशन करून घेणार असाल तरच नाव लिहितो’ असे त्यांना खिडकीवरच ऐकवण्यात आले. औषधाच्या दुकानांत गोळ्या मागितल्या, तर ‘आम्ही ठेवतच नाही’ हे उत्तर मिळाले. सही खरोखर लागते का, आणि त्यांनी आता कोठे जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गिरगावची वकील
सही लागत नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते; मुलगी अठरा वर्षांखालील असेल किंवा स्त्रीला मानसिक आजार असेल, तरच पालकाची संमती घ्यावी लागते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावले आणि कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी लादू नयेत, असेही म्हटले. ऑपरेशनची अट तर सरळसरळ बेकायदा आहे. २० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टराचे मत पुरेसे असते आणि गर्भनिरोधक साधन निकामी ठरले, हे कारण कायद्याला मान्य आहे. २०२१ च्या दुरुस्तीपूर्वी त्या कलमात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे शब्द होते, आता ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे आहेत.

स्त्रीरोगतज्ज्ञ, बोरिवली
कायदा वकीलबाई म्हणतात तसाच आहे. तरीही खिडकीवरचा माणूस सही का मागतो, हे समजून घ्यायला हवे. उद्या नवरा किंवा सासू येऊन दवाखान्यात गोंधळ घालेल, ही धास्ती असते. लिंगनिदान रोखण्यासाठी दवाखान्यांवर होणाऱ्या तपासण्यांमुळे गर्भपात म्हटला की नस्ती आफत नको, असा कल झाला आहे. मेडिकलवाले गोळ्या ठेवत नाहीत तेही त्याच भीतीने. वास्तविक या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच द्यायच्या असतात आणि तोवर सोनोग्राफीत लिंग ओळखता येत नाही. म्हणजे मुलगी वाचवायच्या नावाखाली ज्या गोळ्यांवर कटाक्ष आहे, त्यांचा लिंगनिवडीशी संबंधच येत नाही.

ताईंना १० आठवडे झाले असल्याने आता कोणी हातात गोळ्या ठेवल्या तरी त्यांनी त्या घरी घेऊ नयेत. या टप्प्यावर नळीने पिशवी रिकामी करतात. ते काही मिनिटांचे काम असते आणि गुंतागुंत नसेल तर बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. खासगी ठिकाणी गेल्यास भिंतीवर गर्भपात केंद्राच्या मान्यतेचे प्रमाणपत्र लावलेले आहे का, ते आधी पाहावे. ते दिसले नाही तर तेथून निघावे.

धारावीची कार्यकर्ती
डॉक्टरांची भीती मला समजते, पण तिची किंमत बाईने का मोजावी? मुळात आपल्याकडे गर्भपात हा हक्क म्हणून लिहिलेलाच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली तो आजही गुन्हा आहे, अगदी त्या स्त्रीसाठीसुद्धा, आणि १९७१ चा कायदा त्यातून सूट देतो ती डॉक्टरच्या मतावर. असुरक्षित गर्भपातांत बायका दगावत होत्या, म्हणून १९६४ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री होते. इतक्या वर्षांनंतरची स्थिती पाहा: २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतील जवळपास तीन चतुर्थांश रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’च्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे.

ताईंनी वेळ न घालवता सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सकाळच्या ओपीडीला जावे. सोबत कोणीतरी बाई असावी, सोनोग्राफीचा कागद घ्यावा आणि केसपेपर काढून थेट डॉक्टरांशीच बोलावे. संमतीचा फॉर्म सी स्वतः वाचून किंवा वाचून घेऊनच सही करावी. तांबीचा, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या गर्भनिरोधक साधनाचा, आग्रह होईल. हवी असेल तर बसवून घ्यावी, नको असेल तर नाही म्हणावे. सहीवरून पुन्हा अडवले, तर नकाराचे कारण लेखी मागावे. कागद मागितला की पुष्कळदा आवाज खाली येतो.

चेंबूरकर
मनापासून आभार. सोमवारी मी स्वतः त्यांच्याबरोबर जात आहे. वस्तीत बातमी फुटेल, ही त्यांची धाकधूक मात्र कायम आहे.

गिरगावची वकील
रुग्णालयाची नोंदवही गोपनीय असते. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव अनधिकृत व्यक्तीला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे ताईंना जरूर सांगा.