चौदाव्या आठवड्याच्या लशीला आलेल्या बाबांना काय विचारावं?

परिचारिका_वाई
बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला आईला आम्ही एडिनबर्ग प्रश्नावली देतो. बाळासोबत आलेल्या बाबांनाही तीच द्यायची का? गुणांची मर्यादा तीच धरायची? आणि "काही नाही हो सिस्टर, झोप होत नाही एवढंच" असं म्हणाले, तर पुढे काय?

समुपदेशक_नाशिक
द्याच, आणि याच भेटीला. २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात सुमारे १० टक्के वडिलांमध्ये नैराश्य आढळलं, सर्वांत जास्त बाळ ३ ते ६ महिन्यांचं असताना. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी, त्यामुळे शनिवार-रविवारी बाळ बघून परतणाऱ्या बाबांवर रात्रीची जागरणं नेमकी याच सुमारास येऊन पडतात.

प्रश्न १०, प्रत्येकाला ० ते ३ गुण, उत्तरं गेल्या ७ दिवसांची. आईसाठी १३ ची मर्यादा धरत असाल तर बाबांसाठी १० धरा. रडू येण्याच्या प्रश्नाला पुरुष सहसा शून्यच देतात, म्हणून बेरीज कमी भरते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य नसेल तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून द्या, एकट्याला घरी पाठवू नका. कागद घरच्यांसमोर भरून घेऊ नका. आई शेजारी बसली की सगळी उत्तरं छान येतात.

मनोविकारतज्ज्ञ_पुणे
झोपेचं म्हणाले तर एवढंच विचारा: "बाळ झोपलेलं असतं, तेव्हा तुम्हाला झोप लागते का?" लागत असेल तर बहुधा थकवा. संधी असूनही डोळा लागत नाही, पहाटे चारला जाग येते, कशातच रस नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर नैराश्याचा विचार करा. पुरुषांत ते चिडचिडीतून दिसतं: दारू वाढते, ऑफिसातून उशिरा निघणं सुरू होतं, बाळाला हातात घ्यायचं टाळलं जातं.

आणखी एक प्रश्न न लाजता विचारा: "बाळ रडायचं थांबत नाही, तेव्हा त्याला गदागदा हलवावंसं वाटतं का?" हो म्हणाले तर दटावू नका. बाळाला पाळण्यात उताणं ठेवायचं, खोलीबाहेर यायचं, दहा मिनिटांनी परत जायचं, हे तिथेच समजावून सांगा आणि डॉक्टरांकडे पाठवा.

औषध लागलंच तर परिणाम दिसायला २ ते ४ आठवडे जातात. पहिल्याच आठवड्यात "गुण नाही" म्हणून गोळ्या सोडणं फार होतं, त्यामुळे हे आधीच सांगावं. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने औषध चालू ठेवतात. मनाने बंद करायचं नाही.

परिचारिका_वाई
आणि रात्रीचं काय सांगू? बाळ अंगावर पितं.

समुपदेशक_नाशिक
दोघांनीही रात्रभर जागायचं नाही. नऊ ते दोन एकाने, दोन ते सात दुसऱ्याने. सलग चार-पाच तास झोप प्रत्येकाला मिळायलाच हवी. बाबांच्या पाळीत बाळ आईकडे फक्त पाजायला द्यायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत निजवणं बाबांचं. आईने झोपण्याआधी दूध काढून ठेवलं तर एक वेळ वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येतं.

रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि बाबांचे गुण जास्त आले तर आईची प्रश्नावली त्याच दिवशी पुन्हा भरून घ्या. हे दोघांत एकदम असणं नेहमीचं आहे.